एकच उच्चार, वेगळे शब्द : पाहण्याच्या अर्थाचे इंग्रजी समोच्चारी शब्द आणि त्यांचे अध्यापन



एका शाळेच्या भेटीत इयत्ता पाचवीच्या वर्गात इंग्रजीचे श्रुतलेखन चालू होते. गुरुजींनी वाक्य सांगितले, 'आय सी द सी', म्हणजे 'मी समुद्र पाहतो'. वह्या गोळा झाल्यावर एका मुलाची वही माझ्या हाती आली. त्याने पहिला 'आय' ई-वाय-ई असा, म्हणजे 'डोळा' या अर्थाचा लिहिला होता. 'पाहणे' या अर्थाच्या 'सी'च्या जागी समुद्राचा 'सी' आणि समुद्राच्या जागी पाहण्याचा 'सी' असे त्याने लिहिले होते. चार शब्दांपैकी 'द' हा एकच शब्द बरोबर म्हणून त्याला चारांपैकी एक गुण मिळाला.

हा न्याय कितपत योग्य झाला? मुलाने चारही ध्वनी अचूक ऐकले होते. प्रत्येक ध्वनीसाठी इंग्रजीत खरोखर अस्तित्वात असलेला शब्द त्याने लिहिला होता. एकही स्पेलिंग त्याने मनाने रचलेले नव्हते. अवयवांच्या पाठात शिकलेला 'आय' त्याला अचूक आठवला, हे तर कौतुकास्पदच म्हटले पाहिजे. चूक झाली ती एवढीच की, एका उच्चाराचे अनेक शब्द असतात आणि त्यांतून वाक्याच्या अर्थास जुळणारा शब्द निवडावयाचा असतो, ही गोष्ट त्याला कोणी सांगितलेली नव्हती. ती कशी सांगावी, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विषय आटोपशीर राहावा म्हणून पाहणे, ऐकणे, वास घेणे अशा ज्ञानेंद्रियांच्या व्यापारांशी संबंधित शब्दच येथे घेतले आहेत.

मराठीतील समोच्चारी शब्द

ज्यांचा उच्चार एकच, परंतु अर्थ भिन्न आणि बहुधा लेखनही भिन्न, अशा शब्दांना समोच्चारी शब्द म्हणतात. हे वैगुण्य केवळ इंग्रजीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. 'दिन' म्हणजे दिवस व 'दीन' म्हणजे गरीब. 'शिर' म्हणजे मस्तक व 'शीर' म्हणजे रक्तवाहिनी. 'पाणि' म्हणजे हात व 'पाणी' म्हणजे जल. या जोड्या आपण बोलताना सारख्याच उच्चारतो आणि लिहिताना ह्रस्वदीर्घाने वेगळ्या करतो. 'लक्ष' आणि 'लक्ष्य' ही जोडी तर आपल्या विषयाच्या अगदी जवळची आहे. लक्ष म्हणजे अवधान, आणि लक्ष्य म्हणजे ज्यावर नजर रोखावयाची ते. बोलण्याच्या ओघात दोहोंतील भेद कानाला फारसा जाणवत नाही; तरीही ऐकणारा गोंधळत नाही, कारण वाक्याचा संदर्भ त्याला वाट दाखवितो.

इंग्रजी समोच्चारी शब्द शिकविताना प्रारंभ या घरच्या उदाहरणांनी करावा. 'जे मराठीत आहे तेच येथेही आहे' असे कळले की मुलांच्या मनातील निम्मी भीती जाते. 'इंग्रजी ही वेडीवाकडी भाषा आहे, पाठ करा म्हणजे झाले' असे वर्गात कदापि म्हणू नये. त्याने विद्यार्थ्याची जिज्ञासा तेथेच खुंटते.

तथापि एक भेद ध्यानात ठेवणे अवश्य आहे. देवनागरी लिपी पुष्कळ अंशी उच्चारानुसारी आहे. जसे ऐकावे तसे लिहावे, ही सवय आपण पहिलीपासून मुलांना लावतो, आणि तीच सवय घेऊन मूल इंग्रजीकडे येते. बागलाण-मालेगावकडे ज्या मुलांच्या घरी अहिराणी बोलली जाते, किंवा सुरगाणा-पेठेकडे ज्यांच्या घरी कोकणा बोली आहे, त्यांना शाळेतील प्रमाण मराठी ही दुसरी आणि इंग्रजी ही तिसरी भाषा ठरते. अशा मुलास कानावरच अधिक विसंबावे लागते. पूर्वी मराठी शाळांतून इंग्रजीचा प्रारंभ पाचवीत होत असे. २००० सालापासून तो पहिलीतच होऊ लागला. त्यामुळे हा प्रश्न आता अगदी कोवळ्या वयातील मुलांपुढे उभा राहतो.

मुख्य शब्दगट

(१) साइट. हा उच्चार देवनागरीत लिहिला म्हणजे तीन शब्द एकरूप होतात. पहिला एस-आय-जी-एच-टी, म्हणजे दृष्टी अथवा दृश्य. दुसरा एस-आय-टी-ई, म्हणजे जागा, स्थळ. तिसरा सी-आय-टी-ई, म्हणजे दाखला देणे, उल्लेख करणे. यांपैकी दुसरा मुलांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. ज्याचे वडील बांधकामावर जातात तो मुलगा 'बाबा साइटवर गेले' असे सहज बोलतो. या ओळखीच्या शब्दावरून सुरुवात करावी. पांडवलेणी ज्या डोंगरात कोरली आहेत ती जागा म्हणजे दुसरी साइट. तेथे चढून गेल्यावर खाली पसरलेले नाशिक दिसते ती पहिली साइट. आणि त्या लेण्यांतील शिलालेखाचा दाखला आपण इतिहासाच्या उत्तरात देतो ती तिसरी. एका सहलीत तिन्ही शब्द मनावर ठसतात.

(२) सी. एस-डबल ई म्हणजे पाहणे व एस-ई-ए म्हणजे समुद्र. आपला जिल्हा समुद्रापासून दूर असल्याने अनेक मुलांनी समुद्र पाहिलेला नसतो. चित्र दाखवूनच हा शब्द द्यावा. यांचीच पुढची रूपे 'सीझ' या उच्चारात एकत्र येतात : 'तो पाहतो', 'अनेक समुद्र', आणि तिसरा एस-ई-आय-झेड-ई, म्हणजे पकडणे, जप्त करणे. हा तिसरा शब्द वरच्या इयत्तांसाठी राखून ठेवावा.

(३) सीन. एस-डबल ई-एन म्हणजे पाहिलेले, आणि एस-सी-ई-एन-ई म्हणजे देखावा किंवा नाटक-चित्रपटातील प्रवेश. दुसरा शब्द मराठीत पूर्णपणे रुळला आहे. येथे दादासाहेब फाळके यांची आठवण वर्गास अवश्य सांगावी. त्यांचा जन्म १८७० साली आपल्याच त्र्यंबकेश्वरी झाला आणि त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट १९१३ साली प्रदर्शित झाला. चित्रपटकलेच्या अभ्यासासाठी त्यांनी डोळ्यांना इतका ताण दिला की काही काळ त्यांची दृष्टी अधू झाली होती. प्रेक्षकांनी पाहिलेला तो एक 'सीन' व पडद्यावर हललेला तो दुसरा 'सीन', असे सांगितल्यावर ही जोडी विसरली जाणे कठीण.

(४) आय. एकच मोठे अक्षर लिहिले की 'मी', आणि ई-वाय-ई लिहिले की 'डोळा'. 'मी' या अर्थाचा शब्द इंग्रजीत वाक्याच्या मध्ये आला तरी मोठ्याच अक्षरात लिहितात, हेही याच वेळी सांगावे.

(५) पीक. या उच्चाराने आपली मुले हमखास फसतात, कारण मराठीतील पीक शेतात उभे असते. इंग्रजीत पी-डबल ई-के म्हणजे हळूच डोकावून पाहणे, व पी-ई-ए-के म्हणजे शिखर. नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांच्या सीमेवरील कळसूबाई हे महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर. त्याची उंची १,६४६ मीटर आहे. बागलाणातील साल्हेर सुमारे १,५६७ मीटर उंच आहे. यांची चित्रे फळ्याशेजारी लावून दुसरा शब्द शिकवावा. द्राक्षाचे पीक या दोन्ही शब्दांहून निराळे, हेही हसतखेळत सांगून टाकावे.

(६) पिअर आणि स्टेअर. पी-डबल ई-आर म्हणजे डोळे बारीक करून निरखणे. याच लेखनाचा 'बरोबरीचा, समवयस्क' असाही एक निराळा अर्थ आहे. पी-आय-ई-आर म्हणजे धक्का अथवा पुलाचा खांब. गोदावरीवरील पुलाचे खांब मुलांनी पाहिलेले असतातच. तसेच एस-टी-ए-आर-ई म्हणजे टक लावून पाहणे, व एस-टी-ए-आय-आर म्हणजे जिन्याची पायरी. सप्तशृंगीच्या पायऱ्या चढलेल्या मुलास दुसरा शब्द समजावून देण्याची गरज पडत नाही.

(७) हिअर आणि सेंट. एच-ई-ए-आर म्हणजे ऐकणे, एच-ई-आर-ई म्हणजे येथे. ऐकण्याच्या शब्दात ई-ए-आर, म्हणजे 'कान' हा संपूर्ण शब्दच दडलेला आहे. तो मुलांकडून शोधून घ्यावा. एस-सी-ई-एन-टी म्हणजे सुवास, एस-ई-एन-टी म्हणजे पाठविले, आणि सी-ई-एन-टी हे परदेशी नाण्याचे नाव. यांपैकी पहिला शब्द मराठीत अत्तर या अर्थाने घरोघरी पोचलेला आहे.

हे असे का झाले ?

चौकस विद्यार्थी विचारतो, 'गुरुजी, बोलायचे नाही तर जी-एच लिहायचे कशाला ?' हा प्रश्न उद्धटपणाचा नव्हे, बुद्धीचा आहे. त्याचे उत्तर शिक्षकाजवळ असले पाहिजे.

जुन्या इंग्रजीत दृष्टीवाचक 'साइट' या शब्दात एक घशातील घर्षक ध्वनी खरोखरच उच्चारला जात असे. जर्मन भाषेतील सगोत्र शब्दात तशा प्रकारचा ध्वनी आजही ऐकू येतो. पुढे इंग्रजांनी तो ध्वनी बोलण्यातून टाकला. परंतु लेखनात त्याची खूण राहून गेली. प्रकाश, रात्र व उजवा या अर्थांचे 'लाइट', 'नाइट', 'राइट' हे शब्द याच कुळातील आहेत. म्हणून दृष्टीचा 'साइट' एकटा न शिकविता या भावंडांसह शिकवावा. स्थळवाचक व दाखलावाचक 'साइट' हे शब्द मात्र लॅटिन मुळाचे आहेत आणि तीही मुळे परस्परांहून भिन्न आहेत. म्हणजे तीन वेगळ्या गावांहून निघालेले तीन प्रवासी एका धर्मशाळेत भेटावेत, तसा हा प्रकार आहे.

पाहण्याचा 'सी' व समुद्राचा 'सी' यांचे स्वर चौदाव्या शतकात भिन्न होते. पंधराव्या ते अठराव्या शतकांच्या दरम्यान इंग्रजीतील दीर्घ स्वरांत मोठी स्थित्यंतरे झाली व हे दोन स्वर शेवटी एक झाले. दरम्यान इ. स. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टन याने इंग्लंडात मुद्रणालय स्थापन केले. छापील पुस्तकांमुळे शब्दांचे लेखन हळूहळू स्थिरावत गेले. बोलणे मात्र पुढे बदलत राहिले. यास्तव इंग्रजी स्पेलिंगमध्ये आजच्या उच्चाराबरोबरच जुन्या उच्चाराचेही अवशेष सापडतात.

काही ठिकाणी तर लेखन निव्वळ चुकीतून रूढ झाले आहे. सुवासवाचक 'सेंट' शब्दात पूर्वी सी हे अक्षर नव्हते. सतराव्या शतकाच्या सुमारास ते घातले गेले. शब्दाच्या मुळात त्यास काहीही आधार नाही. विद्वानांच्या हातून घडलेली चूक शिष्टसंमत होते, आणि आपल्या दहा वर्षांच्या विद्यार्थ्याची चूक लाल शाईस पात्र ठरते! नियम पाळलाच पाहिजे. परंतु हा इतिहास ठाऊक असलेला शिक्षक चुकणाऱ्या मुलाकडे अधिक ममतेने पाहील.

अध्यापनाची रीत

पहिली सूचना अशी की, जोडीतील दोन्ही शब्द एकाच दिवशी शिकवू नयेत. आधी पाहण्याचा 'सी' वाचनात, लेखनात व बोलण्यात पक्का होऊ द्यावा. काही आठवड्यांनी समुद्राचा 'सी' द्यावा. आणि त्यानंतरच दोहोंची तुलना करावी. दोन नवखे शब्द एकाच वेळी दिले तर त्यांची जन्मभर अदलाबदल होत राहते.

दुसरी सूचना श्रुतलेखनाविषयी. समोच्चारी शब्द सुटा कधीही सांगू नये. नुसते 'साइट लिहा' असे म्हटले तर तीनपैकी कोणताही शब्द लिहिणारा मुलगा बरोबरच ठरतो. पूर्ण वाक्य सांगावे, त्याचा अर्थ मुलांकडून मराठीत वदवून घ्यावा आणि मगच लिहावयास सांगावे.

तिसरी सूचना स्मरणाच्या युक्त्यांविषयी. पाहण्याच्या अर्थाच्या 'सी', 'सीन', 'पीक' आणि 'पिअर' या चारही शब्दांत ई हे अक्षर जोडीने येते. दोन ई म्हणजे दोन डोळे, असे सांगावे. 'लुक' या शब्दातील दोन ओ तर उघड्या डोळ्यांचे चित्रच आहेत. शिखराच्या 'पीक'मधील ए हे मोठ्या लिपीत डोंगराच्या सुळक्यासारखे दिसते. मात्र या युक्त्या आहेत, नियम नव्हेत, हे स्पष्ट सांगावे. टक लावून पाहण्याच्या 'स्टेअर'मध्ये दोन ई नाहीत, हे मुले लगेच दाखवून देतील, आणि त्यांनी ते दाखवावे हेच इष्ट.

चौथी सूचना अशी की, प्रत्येक विद्यार्थ्याने वहीच्या शेवटच्या पानांवर जोडशब्दांचा संग्रह करावा : डाव्या बाजूस शब्द, उजव्या बाजूस त्याचे छोटे चित्र. तपासताना चुकीचे स्पेलिंग फळ्यावर लिहून दाखवू नये. डोळ्यांना जे दिसते ते मनात राहते, मग ते बरोबर असो वा चूक.

कानाची चूक आणि डोळ्याची चूक

आता या लेखाचा खरा गाभा. इंग्रजी लेखनातील सर्व चुका एका जातीच्या नसतात. समुद्राच्या जागी पाहण्याचा 'सी' लिहिणारे मूल नीट ऐकते आहे. त्याला शब्दांचा भेद शिकवावयास हवा. परंतु फळ्यावर स्पष्ट लिहिलेला शब्द उतरवून घेतानाही जे मूल सीच्या जागी ई किंवा एच्या जागी ओ लिहिते, त्याची चूक निराळी आहे. आकाराने सारखी दिसणारी अक्षरे ते एकमेकांच्या जागी लिहिते. अशा वेळी हे मूल निष्काळजी आहे की त्याला दिसतच नाही, हा प्रश्न शिक्षकाने स्वतःस विचारला पाहिजे.

हे मी माझ्या अपराधावरून शिकलो. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी डोंगराळ भागातील एका शाळेत नवा शिक्षक होतो. पाचवीच्या वर्गात शेवटच्या रांगेत एक मुलगी बसे. श्रुतलेखनात ती चांगली होती; चुकली तर 'हिअर', 'सी' अशा जोडशब्दांतच चुके. परंतु फळ्यावरचे उतरवून घेताना तिची वही चुकांनी भरून जाई. जे ऐकून बरोबर लिहिता येते ते समोर पाहून लिहिता येऊ नये, याचा मला राग येई. मी तिला वर्गासमोर आळशी म्हटले आणि तेच तेच शब्द पन्नास वेळा लिहावयास लावले. तिने ते मुकाट्याने लिहिले.

पुढे श्रावणात छप्पर गळू लागले. मागची रांग भिजू लागल्याने मी सर्व मुलांना पुढे सरकवून दाटीने बसविले. ती मुलगी फळ्यापासून दोन हातांवर आली, आणि त्या आठवड्यात तिच्या वहीत उतरवून घेण्याची एकही चूक सापडली नाही. मी कितीतरी वेळ ती वही उलटसुलट करून पाहत राहिलो. तिच्या वडिलांना बोलावून डोळे तपासून घेण्यास सांगितले. तिला चष्मा लागला. तिला अस्पष्ट दिसते हे तिला स्वतःलाही ठाऊक नव्हते. सर्वांना जग असेच दिसत असेल अशी तिची समजूत होती. ते ओळखणे माझे काम होते आणि पुरावा रोज माझ्या हातात येत होता. मी लाल शाईने चुका मोजल्या. त्या कोणत्या जातीच्या आहेत हे मात्र पाहिले नाही.

म्हणून प्रत्येक शिक्षकास माझी विनंती आहे की, महिन्यातून एकदा श्रुतलेखनाची वही व फळ्यावरून उतरवून घेतलेली वही शेजारी शेजारी ठेवून पाहावी. ऐकून लिहिलेले चांगले व पाहून लिहिलेले वाईट असेल, तर त्या मुलास पुढे बसवून फरक पडतो का ते पाहावे. उलट, पाहून लिहिलेले निर्दोष पण ऐकून लिहिलेल्यात मूळ ध्वनीच चुकलेले असतील, तर श्रवणाविषयी शंका घ्यावी. डोळे बारीक करून फळ्याकडे पाहणे, पुस्तक नाकाशी धरणे, वारंवार डोके दुखणे, शेजाऱ्याच्या वहीत डोकावणे, ही चिन्हेही लक्षात ठेवावी. शेजाऱ्याच्या वहीत पाहणारे प्रत्येक मूल नक्कल करीत नसते.

दृष्टीच्या प्राथमिक चाचणीचा तक्ता हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली तयार केला. त्यातील अक्षरे ६ मीटर, म्हणजे सुमारे २० फूट अंतरावरून वाचावयाची असतात. एक डोळा तळहाताने न दाबता झाकावा व दुसऱ्याने वाचावयास सांगावे. नंतर दुसऱ्या डोळ्याची पाळी. ज्यांना अक्षरे येत नाहीत त्यांच्यासाठी चार दिशांना वळविलेल्या ई अक्षराचा तक्ता असतो. अक्षराची तोंडे कोणत्या दिशेस आहेत ते मूल बोटांनी दाखविते. प्राथमिक आरोग्य केंद्राकडे चौकशी करून असा तक्ता शाळेत आणवावा. ही चाचणी म्हणजे निदान नव्हे. शंका आली की मुलास तज्ज्ञाकडे पाठवावे, एवढाच तिचा उपयोग. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमान्वये आरोग्य पथके शाळांना भेट देऊन मुलांची तपासणी करतात. पथक येईल त्या दिवशी आपल्या वह्यांवरून तयार केलेली नावांची यादी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या हाती द्यावी. पथक वर्षातून थोडा वेळ मुलास पाहते; आपण रोज पाहतो.

शेवटचा एक शब्द

या विषयातील एक इंग्रजी शब्द मी मुद्दाम शेवटासाठी ठेवला आहे. 'प्युपिल' हा शब्द उच्चाराने एक, लेखनानेही एक, पण त्याचे अर्थ दोन आहेत : एक विद्यार्थी आणि दुसरा डोळ्यातील बाहुली. या दोहोंचे मूळ लॅटिनमधील लहान मुलावाचक शब्दांत आहे. समोरच्याच्या डोळ्यात जवळून पाहिले असता आपलीच इवलीशी प्रतिमा दिसते, त्यावरून डोळ्याच्या त्या भागास बाहुलीचे नाव मिळाले. मराठीनेही त्यास 'बाहुली'च म्हटले, आणि संस्कृतातील 'कनीनिका' या शब्दाच्या मुळाशीही लहान मुलीचाच अर्थ आहे. एकमेकींपासून दूर वाढलेल्या भाषांना डोळ्यात पाहताना एकच गोष्ट दिसली.

आपल्या केंद्राच्या पुढील शिक्षण परिषदेत प्रत्येक शिक्षकाने दोन याद्या आणाव्यात, अशी सूचना आहे. पहिली, आपल्या वर्गात मुले ज्या समोच्चारी शब्दांत चुकतात त्यांची. दुसरी, ज्या मुलांची पाहून लिहिलेली वही ऐकून लिहिलेल्या वहीपेक्षा वाईट आहे त्यांची. पहिल्या यादीवर आपण सर्व मिळून चर्चा करू. दुसऱ्या यादीतील मुलांना मात्र परिषदेची वाट पाहावयास लावू नये. त्यांना उद्या सकाळीच पहिल्या रांगेत बसवावे.